जादूगाराला चिलखत का नाही?

आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नातवाचा आणि त्याच्या चार मित्रांचा ताबा असतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ रंगतो. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी पुरोहित, कुणी जादूगार. मग ‘मी दार ढकलतो’, ‘मी मंत्र टाकतो’ असं तोंडाने सांगत पुढे जायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. त्यातला एक फासा तर वीस बाजूंचा असतो. लहानपणी सारीपाट खेळलेल्या माझ्यासारखीला तो पाहून अजूनही गंमत वाटते.

एका शनिवारी नातवाचा जादूगार खेळ सुरू होऊन अर्धा तास व्हायच्या आत एका फुटकळ बाणाने मेला. पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता मी म्हटलं, “अरे, मग त्याला चिलखत का घालत नाहीस?”

“आजी, जादूगाराला चिलखत चालत नाही.”

“का बरं?”

यावर पाच मुलांनी पाच कारणं दिली. एक म्हणाला, लोखंडामुळे जादू मरते. दुसरा म्हणाला, मंत्र टाकताना हातवारे करावे लागतात, चिलखतात हात वळत नाहीत. तिसऱ्याच्या मते जादूगार जन्मभर पुस्तकं वाचत बसलेला, त्याला चिलखताचं ओझं पेलणार नाही. चौथा म्हणाला, त्याचं तसं शिक्षणच झालेलं नसतं. पाचवा जरा गप्प राहणारा आहे. तो पोहे खात खात म्हणाला, “नाहीतर तो सगळ्यांना भारी पडेल ना.”

मी तीस-पस्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. त्यातून लागलेली एक सवय अशी की एखाद्या नियमाला पाच कारणं मिळाली की मला संशय येतो. अशा वेळी बहुधा नियम आधी आलेला असतो आणि कारणं मागाहून एकेक करून त्याला येऊन चिकटलेली असतात. तेव्हा मुलं पुढच्या गुहेत शिरली आणि मी या नियमाच्या मागे लागले.

पहिल्यांदा लोखंडाचं बघू, कारण ते सगळ्यात जुनं वाटतं आणि आहेही. लोखंड आणि अद्भुत शक्ती यांचं वाकडं आहे हा समज युरोपात फार जुना. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की गॉल प्रांतातले ड्रुइड पुजारी पांढरी वस्त्रं नेसून ओकच्या झाडावरचं बांडगूळ सोन्याच्या विळ्याने कापत. एक औषधी वनस्पती तर लोखंडाचा स्पर्श न होऊ देता, अनवाणी जाऊन तोडायची असे. यहुद्यांच्या धर्मग्रंथातही वेदीच्या दगडाला लोखंडी हत्यार लावू नये असं सांगितलं आहे. इंग्लंड-आयर्लंडकडच्या लोककथांतल्या पऱ्या आणि यक्षिणी लोखंडाला भितात. घोड्याची नाल दारावर ठोकण्याची चाल आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. हे सगळं वाचल्यावर कुणालाही वाटेल, सापडलं उत्तर!

पण तसं नाही. या खेळाच्या अगदी पहिल्या नियमपुस्तकात जादूगाराला एक हत्यार वापरायची परवानगी आहे, आणि ते म्हणजे खंजीर. खंजीर काही लाकडाचा नसतो. लोखंडाने जादू मरत असती तर कमरेला खंजीर लावून फिरणाऱ्याचा एकही मंत्र चालला नसता. शिवाय बंदी चामड्याच्या चिलखतालाही आहे. चामड्यात लोखंड कुठून आलं? 1976 साली या खेळात ड्रुइड आले तेव्हा प्लिनीची आठवण ठेवून त्यांना धातूचं चिलखत निषिद्ध केलं गेलं, आणि लगेच हातात वाकडी तलवार दिली गेली. तेव्हा लोखंडाची कथा सुरेख आहे, पण नियम तिच्यातून निघालेला नाही.

मग नियम निघाला कुठून? त्यासाठी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावात जावं लागतं. तिथे गॅरी गायगॅक्स नावाचा एक गृहस्थ राहत असे. त्याला आणि त्याच्या मित्रांना लुटुपुटूच्या लढायांचा नाद होता. टेबलावर वाळू पसरायची, टेकड्या-नद्या करायच्या आणि शिशाचे छोटे सैनिक मांडून जुन्या लढाया नव्याने लढायच्या. हा नाद पोरकट समजू नका. 1824 साली प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने असाच खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तयार केला होता, त्यातही फासे होते आणि निवाडा करणारा पंच होता. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने 1913 साली अशा खेळावर पुस्तक लिहिलं. त्या परंपरेतले हे लोक.

1971 साली गायगॅक्स आणि जेफ पेरेन या दोघांनी मध्ययुगीन लढायांसाठी नियमांचं एक पुस्तक काढलं. त्याचं नाव ‘चेनमेल’, म्हणजे कड्यांचं चिलखत! ज्या पुस्तकातून पुढे बिनचिलखती जादूगार जन्माला आला त्याचं नावच चिलखत असावं, हा योगायोग मला फार आवडला. पुस्तकाच्या शेवटी एक पुरवणी होती. ज्यांना सरदार-भालदारांच्या जोडीला राक्षस, ड्रॅगन आणि जादूगार हवे असतील त्यांच्यासाठी.

या पुरवणीतला जादूगार काय करतो? तो आगीचा गोळा टाकतो किंवा वीज टाकतो. आणि तो गोळा किती जागेत फुटतो? तर दगड फेकणाऱ्या मोठ्या यंत्राचा मारा जितक्या जागेत होतो तितक्या. वीज? जड तोफेच्या माऱ्याइतक्या. हे मी माझ्या मनचं सांगत नाही, पुरवणीत मोजमाप तसंच दिलेलं आहे. म्हणजे वाळूच्या टेबलावरचा हा जादूगार मुळात तोफ आहे. तोफखान्याचे नियम आधी तयार होते, त्यांना दाढी आणि झगा चढवला.

एकदा हे लक्षात आलं की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. तोफेला कुणी चिलखत घालत नाही. तोफ लांबून मारा करते, तिच्याभोवती पायदळ उभं राहतं, आणि शत्रूचे घोडेस्वार तिच्यापर्यंत पोचले तर गोलंदाजांची धडगत नसते. जादूगाराचं या खेळातलं आयुष्य नेमकं असंच आहे.

पण एक अडचण उरतेच. ‘चेनमेल’मधला जादूगार काही दुबळा नव्हता. हातघाईच्या लढाईत तो चिलखती पायदळाच्या दोन सैनिकांच्या बरोबरीचा धरलेला आहे, आणि जादूची हत्यारंही त्याला वर्ज्य नाहीत. मग तो तीन वर्षांत इतका खंगला कसा?

उत्तर हिशेबात आहे. लुटुपुटूच्या लढाईत दोन्ही बाजूंना ठरावीक गुण मिळत आणि त्या गुणांत सैन्य विकत घ्यावं लागे. जादूगार महाग. तो घेतला की बाकीचं सैन्य तितकं कमी. त्याच्या ताकदीची किंमत तिथल्या तिथे चुकती होई. पुढे मिनेसोटातल्या डेव्ह आर्नसनने 1971 च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ नावाचा आपला खेळ सुरू केला. त्यात प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला सैन्य नव्हतं, एकच माणूस होता. आर्नसनची ही कल्पना आणि गायगॅक्सचे नियम मिळून 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघालं. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती हजार प्रतींची.

आता बघा. चार मित्र टेबलाभोवती बसले आहेत, प्रत्येकाकडे एकेकच पात्र आहे, आणि पात्र निवडायला काही किंमत पडत नाही. मग जादूगार सोडून दुसरं काही कोण घेईल? सगळेच आगीचे गोळे टाकत सुटतील. पूर्वी जी किंमत गुणांत मोजली जात होती ती आता दुसऱ्या कशात तरी वसूल करायला हवी होती. ती चार तऱ्हांनी वसूल केली गेली. सुरुवातीला जादूगाराला दिवसभरात एकच मंत्र. पहिली पायरी चढायला लढवय्याला 2,000 अनुभवगुण पुरत तिथे याला 2,500. हत्यार म्हणजे खंजीर. आणि चिलखत नाही.

यातल्या चिलखताच्या बंदीचं महत्त्व कळायला त्या पुस्तिकेतली किमतींची यादी पाहावी. मी ती आवर्जून पाहिली. खेळाडूला सुरुवातीला तीन फासे टाकून जी बेरीज येईल तिच्या दहापट मोहरा मिळत, म्हणजे सरासरी शंभरेक. आणि पत्र्याचं पूर्ण चिलखत केवढ्याला? पन्नास मोहरांना. कड्यांचं तीस, चामड्याचं पंधरा, ढाल दहा. खऱ्या मध्ययुगात उत्तम चिलखत म्हणजे मिळकतीएवढी चीज होती, सामान्य शिपायाच्या आवाक्याबाहेरची. खेळात ते जवळजवळ प्रत्येकाला पहिल्याच दिवशी घेता येई. म्हणजे दारिद्र्यामुळे जादूगार उघडा राहील असं होणार नव्हतं. त्याला उघडं ठेवायचं असेल तर ‘घालायचं नाही’ असा हुकूमच काढावा लागणार होता, आणि तो काढला गेला.

त्या पहिल्या पुस्तिकेत या हुकमाचं कारण दिलेलं नाही. लोखंड नाही, हातवारे नाहीत, अभ्यास नाही. एवढंच सांगितलंय की जादूगार शेवटी सगळ्यांत बलाढ्य होतो पण वाट लांब आणि खडतर आहे, सुरुवातीला तो दुबळा असतो, आणि लढवय्यांनी सांभाळलं तरच तो जगेल. मला वाटतं खरं कारण याच मजकुरात आहे. लढवय्याला मंत्र येत नाहीत आणि जादूगाराला वार झेलता येत नाही, म्हणून दोघांना एकमेकांची गरज. चार माणसांनी एका टेबलाशी बसून खेळायचं तर प्रत्येकात काहीतरी उणं असलं पाहिजे. पोहे खाणाऱ्या त्या पाचव्या मुलाने निम्मं सांगितलं होतं.

‘झगा घालणारा जादूगार’ हे चित्र मात्र गायगॅक्सने शून्यातून काढलेलं नाही, आणि इथे खरा इतिहास आत येतो. मध्ययुगीन युरोपात लिहिता-वाचता येणारा माणूस बहुतेक करून चर्चचा असे. इंग्रजीतला ‘क्लार्क’ हा शब्दच मुळात धर्मसेवकासाठीचा. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला जाड पुस्तक उघडून लॅटिन पुटपुटणारा झगेवाला आणि मंत्र म्हणणारा मांत्रिक यांत फार फरक दिसत नसावा. भाषेने याचा पुरावा जपून ठेवला आहे. ‘ग्रॅमर’ म्हणजे व्याकरण. त्याच शब्दाचा फ्रेंच भाऊ ‘ग्रिमॉर’ म्हणजे जादूटोण्याची पोथी. आणि स्कॉटलंडच्या बोलीत ‘ग्रॅमर’चा उच्चार बदलून ‘ग्लॅमर’ झाला, त्याचा मूळ अर्थ नजरबंदी, मोहिनी! आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवल्यावर सत्तरीत हे वाचायला मिळालं, तेव्हा मी दिवसभर खुशीत होते.

तर एकीकडे झग्याची माणसं, दुसरीकडे चिलखताची. फ्रान्समध्ये पुढे ही विभागणी इतकी पक्की झाली की उमरावांतसुद्धा ‘तलवारीचे उमराव’ आणि ‘झग्याचे उमराव’ अशा दोन जाती मानल्या गेल्या. पहिले लढाईवर मोठे झालेले, दुसरे न्यायालयांतल्या पदांवर. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या पदरी असलेला जॉन डी हा गणिती, ज्योतिषी आणि देवदूतांशी बोलण्याचे प्रयोग करणारा माणूस. त्याचं चित्र ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. काळा झगा, डोक्याला घट्ट टोपी, लांब पांढरी दाढी. आज कुठल्याही मुलाला दाखवलं तर ते म्हणेल, हा विझर्ड. प्रत्यक्षात तो त्या काळच्या विद्वानाचा नेहमीचा पोशाख होता.

पण गंमत अशी की शस्त्र न धरण्याचा खरा नियम जादूगारांसाठी नव्हताच, तो धर्मगुरूंसाठी होता. बाराव्या शतकातल्या चर्चच्या कायद्यांच्या संग्रहात धर्मसेवकांनी शस्त्र धरू नये असं म्हटलेलं आहे. अर्थात नियम म्हटला की पळवाटा आल्याच. 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईचं चित्रण असलेल्या बायोच्या प्रसिद्ध कशिद्यात विल्यम राजाचा सावत्र भाऊ, बिशप ओडो, घोड्यावर बसून हातात सोटा घेऊन फिरताना दिसतो. 1214 च्या बुव्हीनच्या लढाईत बोव्हेच्या बिशपने गदेने शत्रूंना लोळवलं. तलवारीने रक्त सांडतं, गदेने सांडत नाही, अशी ही सोय असल्याचं लोक पुढे सांगू लागले. (डोक्यात गदा घातल्यावर रक्त येत नाही, हे ज्याने ठरवलं त्याने गदा पाहिली नसावी.) खेळवाल्यांनी ही आख्यायिका उचलली आणि आपल्या पुरोहिताच्या हाती गदा-सोटा दिला, धारदार शस्त्र काढून घेतलं, आणि अंगावर पूर्ण पत्र्याचं चिलखत चढवलं. इतिहासात जी बंदी धर्मगुरूवर होती ती खेळात जादूगाराच्या गळ्यात आली आणि धर्मगुरू सुटला.

हा चिलखती पुरोहितच पुढच्या सगळ्या कारणांची पंचाईत करतो. कारण तोही मंत्र म्हणतो. तोही हातवारे करतो. त्याला चिलखत आड येत नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या जादूगाराला मात्र येतं!

कारणं कशी येत गेली ते सालांच्या क्रमाने पाहण्यासारखं आहे. 1978 साली गायगॅक्सने मोठं, जाडजूड नियमपुस्तक काढलं. त्यात पहिल्यांदा खुलासा आला की युद्धाचं शिक्षण आणि जादूची विद्या या गोष्टी इतक्या परक्या आहेत की एका माणसात दोन्ही नांदणं जवळपास अशक्य. 1989 च्या आवृत्तीत दोन कारणं झाली. चिलखताने हातवाऱ्यांना अडथळा येतो, आणि शिवाय जादूगाराचं तरुणपण पोथ्या वाचण्यात गेलेलं असल्याने त्याला दुसरं काही शिकायला वेळच मिळालेला नसतो. 2000 साली कारणाचं गणित झालं. चामड्याचं चिलखत घातलं तर मंत्र फसण्याची शक्यता 10 टक्के, कड्यांचं घातलं तर 30, पूर्ण पत्र्याचं घातलं तर 35. ज्या मंत्राला फक्त तोंडाने म्हणावं लागतं, त्याला दंड नाही. किती चोख! आणि पुरोहिताला? काहीच नाही. त्याची शक्ती देवाकडून येते म्हणे. येईना का, पण हात तर त्याचेच ना?

चिलखतात हात वळत नाहीत हेही अर्धंच खरं आहे. पंधराव्या शतकातलं अंगाच्या मापाचं पत्र्याचं चिलखत वीस-पंचवीस किलोंचं असे, आणि ते वजन सगळ्या अंगावर वाटलेलं असे. आजचे सैनिक त्याहून जड ओझी पाठीवर वाहतात. लोखंडी हातमोज्यांना बोटांच्या पेरापेरावर सांधे असत. फ्रान्सचा सेनानी बुसिको याच्या चरित्रात लिहिलंय की शिरस्त्राण सोडून बाकी सगळं चिलखत अंगावर असताना तो कोलांटी उडी मारत असे. चिलखती सरदाराला घोड्यावर चढवायला यारी लागते हा समज 1944 च्या ‘हेन्री द फिफ्थ’ या चित्रपटाने पसरवायला बराच हातभार लावला. तेव्हा कोलांटी उडी जमते तिथे दोन बोटं फिरवून मंत्र टाकणं अशक्य होतं, हे पटवून घ्यायला बरंच औदार्य लागेल.

1989 चं ते दुसरं कारण मात्र मला हसण्यावारी नेता आलं नाही. तरुणपण पुस्तकात गेलं म्हणून बाकी काही आलं नाही. हे मी वर्गावर असताना किती वेळा ऐकलं असेल! चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपला बसवलेल्या मुलांचे पालक येऊन सांगत, “बाई, याला खेळाच्या तासाला सोडू नका, गणितं करू द्या.” आणि खो-खोत पहिली येणाऱ्या मुलीचे वडील म्हणत, “तिला कशाला पुस्तकं, तिचं डोकं त्यात नाही.” जणू देवाने प्रत्येकाला एकच डबा दिलाय, एक भरला की दुसऱ्याला जागा नाही. कबड्डीच्या मैदानावरून धुळीने माखून थेट वर्गात येऊन कविता म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. टेबलावरच्या खेळात चार मित्रांना एकमेकांची गरज पडावी म्हणून केलेली वाटणी ‘हा जगाचाच नियम आहे’ अशा थाटात पुस्तकात छापली जाते, तेव्हा ती वाचणारी दहा-बारा वर्षांची मुलं असतात, एवढंच मला म्हणायचं आहे.

आणि ज्या गोष्टींवरून हा खेळ सुचला त्या गोष्टींत तरी हा नियम आहे का? 1979 च्या पुस्तकाच्या शेवटी गायगॅक्सने आपल्या आवडत्या लेखकांची यादी दिली आहे. त्यातल्या जॅक व्हान्सकडून (1950 चं ‘द डाइंग अर्थ’) त्याने जादूची रीत घेतली. मंत्र पाठ करायचे, डोक्यात मोजकेच मावतात, एकदा म्हटला की तो विस्मरणात जातो. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे वेगळं सांगायला नको. पण व्हान्सचे हे मांत्रिक वेळ आली की तलवारही चालवतात. फ्रिट्झ लीबरचा ग्रे माउझर मांत्रिकाच्या हाताखाली शिकलेला आणि तलवारबाजीत पटाईत. मायकेल मूरकॉकचा एल्रिक राजा 1961 पासून चिलखत घालून, तलवार परजत पिशाच्चांना आवाहन करतो आहे. टॉल्किनच्या गँडाल्फच्या हातातही चांगली लांब तलवार आहे. म्हणजे यादीतल्या या नामांकितांनाच खेळाच्या नियमाने नापास केलं असतं.

हे वाचताना आपल्याकडचं आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे अस्त्र म्हणजेच मंत्र, आणि ते सोडणारा रथावर चिलखत घालून उभा. द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी दुर्योधन घाबरून द्रोणांकडे येतो, तेव्हा द्रोण त्याच्या अंगावर मंत्र म्हणत सोन्याचं कवच बांधतात आणि अर्जुनाचे बाण त्यावरून निसटतात. अर्जुन ते ओळखतो आणि उघड्या राहिलेल्या हातांवर, नखांपाशी बाण मारतो. ‘कवच’ हा शब्दच आपल्याकडे दुहेरी आहे. अंगात घालायचं तेही कवच आणि तोंडाने म्हणायचं तेही. संध्याकाळी रामरक्षा किंवा देवीकवच म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला मंत्र आणि चिलखत यांचं वैर आहे हे पटवणं कठीणच.

खेळालाही शेवटी याच वाटेने जावं लागलं, ही त्यातली गोड गोष्ट. उघडा जादूगार फारच लवकर मरतो म्हणून 1985 साली त्याला ‘आर्मर’ नावाचा मंत्रच देण्यात आला. म्हटला की अंगाभोवती न दिसणारं चिलखत. लोखंडाचं नको, शब्दांचं चालेल. आता 2014 च्या आवृत्तीपासून तर टक्केवारीही गेली. ज्याला जे चिलखत वापरायचं शिक्षण आहे त्याने ते घालून खुशाल मंत्र टाकावेत. डोंगरातल्या बुटक्यांच्या कुळातल्या जादूगाराला त्या आवृत्तीत हे शिक्षण घरातच मिळायचं. हुशार मुलं आधी एक पायरी पुरोहिताची चढून चिलखत पदरात पाडून घेतात आणि मग जादूगार होतात.

तरी नियम चार माणसांना एकमेकांची गरज पडावी म्हणून होता, याचा मला सगळ्यात मोठा पुरावा कॉम्प्युटरवरच्या खेळांत मिळाला. 1981 चा ‘विझर्ड्री’ घ्या. त्यात सहाजणांची टोळी असते, जादूगाराला झगाच. 1987 चा जपानी ‘फायनल फँटसी’. टोळी चौघांची, काळ्या जादूवाल्याला टोकदार टोपी आणि झगा. 1998 चा ‘बाल्डर्स गेट’. पुन्हा सहाजण, चिलखतात मंत्र बंद. 2004 चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. हजारो माणसं एकत्र खेळतात, जादूगाराला फक्त कापड. आणि ज्या खेळात माणूस एकटाच फिरतो तिथे? 2011 साली आलेल्या ‘डार्क सोल्स’मध्ये जादूगार डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात जाऊ शकतो, फक्त ओझं पेलायची ताकद हवी. त्याच साली आलेल्या ‘स्कायरिम’मध्येही तसंच. वार झेलायला पुढे दुसरं कुणी नसल्यावर बंदी घालून करायचं काय?

‘स्कायरिम’वाल्यांनी एक जागा मात्र राखून ठेवली आहे. त्यात एक विद्या घेता येते. अंगावर चिलखताचा एकही तुकडा नसेल, नुसता झगा असेल, तर रक्षणाचे मंत्र दुप्पट-तिप्पट लागू पडतात.